आर्मेनियन गावातला पाणवठा कसा वाचायचा

आर्मेनियात डोंगरी रस्त्यानं जाताना वाटेत वारंवार एक दगडी भिंत लागते. भिंतीत कमानीचा कोनाडा, कोनाड्यातून रात्रंदिवस पडणारी पाण्याची धार, खाली दगडी कुंडी आणि वरच्या बाजूला कोरलेल्या चार-दोन ओळी. लोक गाडी थांबवतात, ओंजळीनं पाणी पितात, बाटल्या भरून घेतात. मग पुष्कळदा भिंतीवरचं नाव वाचून म्हणतात, ‘देव त्याच्या आत्म्याला उजेड देवो.’ तो माणूस कोण, कुठला, त्यांना काही ठाऊक नसतं. पाणी प्यायलं, आठवण काढली, देणं फिटलं.

अशा पाणवठ्याला तिकडे हुशाघब्यूर म्हणतात, म्हणजे कुणाच्या तरी आठवणीसाठी बांधलेला झरा. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं पाण्याची सोय करायची ही रीत आपल्याला परकी वाटणार नाही. पण आर्मेनियन लोकांनी तिला लेखाची जोड दिली आणि त्या लेखाची एक पक्की घडण तयार केली. कोणी बांधलं, कधी बांधलं, कोणासाठी बांधलं आणि पिणाऱ्यानं त्याबदल्यात काय करायचं, हे सगळं त्यात सांगितलेलं असतं. माझ्या मते यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. दगड बसवला, पाणी सुरू झालं, तरी स्मारक पुरं होत नाही. ते रोज, प्रत्येक पिणाऱ्यागणिक पुरं होतं.

जुन्यातलं एक ठळक उदाहरण घेऊ. उत्तर आर्मेनियात लोरी प्रांतात देबेद नदीची खोल घळ आहे. घळीच्या वर, पठारावर, हाघपात नावाचं गाव आणि त्याच नावाचा मठ आहे. दहाव्या शतकात राजा तिसरा अशोत याची राणी खोस्रोवानुश हिनं तो स्थापन केला. 1996 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. येणारे लोक चर्च पाहतात, घंटाघर पाहतात, नक्षीदार क्रूसशिळांचे फोटो काढतात. मठाच्या उतारावर 1258 सालचा एक पाणवठा आहे, तिकडे मात्र कमी जण वळतात. मला विचाराल तर त्या काळातलं रोजचं जगणं सगळ्यात जवळून दाखवणारी वास्तू तीच आहे.

डोंगराच्या पोटात शिरलेला, समोरून तीन कमानींनी उघडा असा तो दगडी मंडप आहे. आत मागच्या भिंतीच्या कडेनं गुरांसाठी दगडी हाळ केलेली, आणि एका बाजूला माणसांच्या वापरासाठी पाणी साठवायचं टाकं. जनावराचं तोंड जिथं लागणार ती जागा वेगळी, आणि माणसाची घागर जिथं भरणार ती वेगळी. वर जाड दगडी छत असल्यानं उन्हाळ्यात आत गारवा राहतो, हिवाळ्यात बर्फ थेट पाण्यावर पडत नाही. पाणी डोंगरातून आपल्या उतारानं येतं, उपसायची गरज नाही. आर्मेनियाचा बराचसा भाग ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. वितळलेला बर्फ आणि पाऊस त्या सच्छिद्र खडकात मुरतो आणि खाली कुठंतरी झरा होऊन बाहेर पडतो. त्यामुळे पाणवठा बांधणाऱ्याचं खरं काम असतं ते झऱ्याचं तोंड नीट धरणं, ते चिखलापासून आणि गुरांच्या खुरांपासून वाचवणं, आणि पाणी माणसाच्या हाताच्या उंचीवर आणून सोडणं.

1258 हे साल लक्षात घेण्यासारखं आहे. त्याच वर्षी मंगोल सेनापती हुलागूनं बगदाद उद्ध्वस्त केलं. आर्मेनियावर मंगोलांचा अंमल तेरावं शतक अर्धं व्हायच्या आधीच बसला होता आणि करांचा बोजा लोकांच्या उरावर होता. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादव राज्य करत होते. अशा दिवसांत एका डोंगरी मठानं गावच्या पाण्यासाठी इतकं भक्कम बांधकाम केलं. ते आज पावणेआठशे वर्षांनीही उभं आहे.

आता लेखाकडे वळू. नवखा माणूस पहिल्यांदा अडतो तो सालापाशी, कारण जुन्या आर्मेनियन लेखांत आकडे नसतातच. मेस्रोप माश्तोत्स नावाच्या विद्वान धर्मोपदेशकानं इसवी सन 405 च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली. तिची मूळ अक्षरं 36. ही 36 अक्षरं नऊ-नऊच्या चार ओळींत मांडली की काम सोपं होतं. पहिल्या ओळीतली अक्षरं म्हणजे 1 ते 9, दुसरीतली 10 ते 90, तिसरीतली 100 ते 900 आणि चौथीतली 1000 ते 9000. प्रत्येक अक्षर एकाच वेळी ध्वनीही आहे आणि संख्याही. शून्याची गरजच पडत नाही, कारण शंभराचं अक्षर वेगळं, दहाचं वेगळं, एकचं वेगळं. म्हणजे 707 लिहायचं तर 700 चं एक अक्षर आणि 7 चं एक, अशी दोनच अक्षरं पुरतात.

आणि 707 म्हणजेच 1258. आर्मेनियन चर्चची कालगणना इसवी सन 552 पासून सुरू होते. आपण शक सालात 78 मिळवून इसवी सन काढतो, तसं इथं 551 मिळवायचे. 707 अधिक 551, झाले 1258. एक बारीक मेख मात्र आहे. या जुन्या पंचांगात वर्ष बरोबर 365 दिवसांचं होतं, लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे दर चार वर्षांनी नववर्षाचा दिवस ऋतूंच्या मानानं एक दिवस मागं सरकायचा. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा नवं वर्ष जुलैत लागलं होतं, काही शतकांनी ते हिवाळ्यात लागू लागलं. म्हणून लेखात महिना दिलेला असेल तर अभ्यासक कधी एका वर्षाचा फरक धरतात. आपल्यासारख्यांना 551 चा हिशोब पुरे.

दुसरी अडचण अक्षरांच्या ठेवणीची. दगडावर कोरायला वापरलेली मोठी अक्षरं उभी, भारदस्त, गोलाकार कमानींची असतात. त्यांचं पारंपरिक नाव ‘लोखंडी अक्षरं’ अशा अर्थाचं आहे. शब्दांच्या मध्ये जागा बहुधा सोडलेली नसते. दगड महाग, कोरणं त्याहून महाग, म्हणून कोरणारे अक्षरं एकमेकांत गुंतवतात. एका अक्षराचा उभा दंड पुढच्या अक्षराचाही दंड होतो, एखादं छोटं अक्षर मोठ्या अक्षराच्या पोटात बसवलेलं असतं. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त असे पवित्र शब्द पूर्ण लिहीत नाहीत. पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून त्यांच्यावर आडवी रेघ मारतात. ती रेघ दिसली की समजायचं, इथं आदरानं आखडलेला शब्द आहे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात यातलं फारसं काही दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं पडतं, प्रत्येक खाचेची सावली पडते, तेव्हा तीच भिंत वाचता येते.

मजकुराची घडण मात्र अगदी सरळ आहे. सुरुवातीला साल, किंवा ‘देवाच्या इच्छेनं’ असे शब्द. मग ‘मी, अमुक’ असं बांधणाऱ्याचं नाव, बऱ्याचदा बापाच्या नावासह. मग काय बांधलं ते. मग कोणाच्या आठवणीसाठी. त्यात आईवडील, नवरा, मुलगा आणि स्वतःचा आत्माही येतो. आणि शेवटी वाचणाऱ्याला केलेली विनंती, की तुमच्या प्रार्थनेत आम्हाला आठवा. मठाला जमीन, द्राक्षमळा किंवा पैसे दिले असतील तर बदल्यात भिक्षूंनी काय कबूल केलं तेही कोरलेलं असतं, की वर्षातून अमुक दिवशी या माणसाच्या नावानं उपासना होईल. हे वाचताना दस्तऐवज वाचतोय असं वाटतं, आणि तो दस्तऐवजच असतो. कागद जळेल, हरवेल. मठाच्या भिंतीवर कोरलेला करार सगळ्यांसमोर राहील, हा त्यामागचा विचार. आर्मेनियन हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिकही अशीच टीप लिहीत. कुठं लिहिलं, कोणत्या राजाच्या काळात, थंडी किती होती, युद्ध चालू होतं का, आणि वाचणाऱ्या, माझी आठवण काढ. दगडावरचा लेख आणि पोथीची टीप ही सख्खी भावंडं आहेत.

विनंतीच्या जोडीला अनेकदा शापही येतो. जो कोणी हे दान हिरावेल, मोडेल, अडवेल त्याला 318 धर्मपित्यांचा शाप लागो, अशी ती ठरलेली भाषा. हे 318 म्हणजे इसवी सन 325 मध्ये निकिया इथं भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेला जमलेले बिशप, असं परंपरा मानते. काही ठिकाणी येशूला दगा देणारा यहूदा आणि भावाचा खून करणारा काइन यांच्या वाट्याला जे आलं ते तुझ्या वाट्याला येवो असंही असतं. महाराष्ट्रात शिलाहार-यादवांच्या काळातले गधेगळ, म्हणजे शाप कोरलेले दानाचे दगड, पाहिलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. तिथं चंद्र-सूर्य आणि गाढवाचा शाप, इथं धर्मपिते आणि यहूदा. दान देणाऱ्याची धास्ती दोन्हीकडे एकच होती: मी गेल्यावर हे कोण सांभाळणार?

पाण्याशी नातं असलेली सार्वजनिक बांधकामं स्मारक म्हणून करण्याची उदाहरणं याच खोऱ्यात आणखी सापडतात. हाघपातहून फार लांब नाही तिथं, अलावेर्दी गावात, देबेद नदीवर एकाच कमानीचा दगडी पूल आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी राणी वानेनी हिनं तो आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या, अबास राजाच्या, आठवणीसाठी बांधवला. कठड्यावर दगडी सिंह बसवलेले आहेत. तो पुढे कित्येक शतकं वापरात राहिला.

झऱ्यापाशी दगड उभा करायची सवय तर आर्मेनियन लिपीच्याच काय, ख्रिस्ती धर्माच्याही फार आधीची आहे. अरागात्स आणि गेघाम डोंगरांवरच्या उंच कुरणांत झऱ्यांजवळ विशाप नावाचे प्रागैतिहासिक शिलास्तंभ सापडतात. विशाप म्हणजे महासर्प किंवा ड्रॅगन. काही शिळा माशाच्या आकाराच्या, काहींवर बैलाचं सोललेलं कातडं टाकल्यासारखी कोरीव आकृती. त्यातल्या गार्नीजवळच्या एका शिळेवर उरार्तु राज्याचा राजा पहिला अर्गिश्ती याचा कीलाक्षरांतला लेख आहे, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकात कुणीतरी आधीच जुन्या झालेल्या दगडावर आपलं नाव घातलं. पुढच्या काळात काही विशापांवर क्रूस कोरले गेले. त्याच उरार्तुच्या मेनुआ राजानं वान सरोवराजवळच्या आपल्या राजधानीसाठी 50 किलोमीटरहून लांब कालवा काढला, त्याच्या कडेनं लेख कोरून ठेवले. उरार्तुच्या राजांच्या लेखांतही हीच घडण दिसते: मी बांधलं, आणि मोडणाऱ्याचा देव नाश करोत. उरार्तु लोकांची भाषा आर्मेनियन नव्हती, धर्म वेगळा होता. तरी त्याच मुलखात, तशाच पाण्यापाशी, तसंच बोलणं दोन हजार वर्षांनी पुन्हा ऐकू येतं याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही रीत आर्मेनियन व्यापाऱ्यांबरोबर भारतातही आली. मुंबईच्या फोर्ट भागात अठराव्या शतकाच्या अखेरीचं आर्मेनियन चर्च आहे. चेन्नईत त्याच शतकात ख्वाजा पेत्रुस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्यानं अड्यार नदीवर पूल बांधला आणि सेंट थॉमस माउंटवर जायच्या पायऱ्या करून दिल्या. त्या पुलाची लेखशिळा फारसी, लॅटिन आणि आर्मेनियन अशा तीन भाषांत आहे. वाटसरू कोणत्याही भाषेचा असो, त्यानं आठवण काढावी एवढी काळजी त्या माणसानं घेतली.

विसाव्या शतकात सोव्हिएत राजवट आली आणि देव, क्रूस, प्रार्थना हे सगळं सरकारी स्मारकांतून गेलं. पाणवठा मात्र टिकला. दुसऱ्या महायुद्धात आर्मेनियातून लाखो माणसं आघाडीवर गेली आणि त्यातली फार मोठी संख्या परत आली नाही. त्यांच्या प्रेतांना गावची माती मिळाली नाही, कबर नाही. मग गावोगाव झऱ्यावर भिंत उभी राहिली, 1941–1945 ही सालं आणि खाली नावांची यादी. लहान गावातल्या यादीत एकच आडनाव पाच-सहा वेळा येतं, तेव्हा एका घराण्याचं काय झालं ते सांगायला दुसरं काही लागत नाही. रफायेल इस्रायेलियान (1908–1973) या वास्तुविशारदानं असे कितीतरी पाणवठे घडवले. 1918 सालच्या सार्दारापातच्या लढाईचं मोठं स्मारकही त्याचंच. पण लहान गावांतली त्याची कामं मला जास्त भावतात. जुन्या कमानी, क्रूसशिळांची नक्षी, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला जाड तुफा दगड यांतून त्यानं नवी रचना केली, आणि धर्माचा एक शब्दही न लिहिता जुना करार चालू ठेवला.

त्यानंतरचे पाणवठे पुन्हा घराघराचे झाले. 7 डिसेंबर 1988 च्या स्पिताक भूकंपात सुमारे 25,000 माणसं गेली, मग काराबाखच्या मुलखासाठी अझरबैजानशी लढाया आल्या. 2020 च्या 44 दिवसांच्या युद्धात साडेतीन हजारांहून जास्त आर्मेनियन सैनिक मारले गेले, त्यातले पुष्कळ अठरा-वीस वर्षांचे. त्यांच्या आईबापांनी गावाच्या वाटेवर, शाळेपाशी, मुलाच्या आवडत्या डोंगरउतारावर झरे बांधले. काळ्या पॉलिश केलेल्या दगडावर मुलाचा चेहरा, दोन तारखा, नाव. शेजारी बाक आणि एखादं लावलेलं झाड. देवाच्या इच्छेनं, मी अमुक, अमुकच्या आठवणीसाठी, ही घडण पाहिलेल्याला हा नवा लेखही लगेच वाचता येतो. फरक एवढाच, की जुन्या काळी बहुधा मुलगा बापासाठी बांधायचा.

पण या करारात एक बाजू कायम गृहीत धरलेली आहे: पिणारा, ज्याला ही अक्षरं वाचता येतात. तो उरलाच नाही तर?

पूर्व तुर्कस्तानात एलाझिग प्रांतात एकिनोझू नावाचं गाव आहे. 1915 पूर्वी त्याचं नाव हबाब होतं, आणि ते आर्मेनियन गाव होतं. त्या वर्षी ऑटोमन सरकारनं आर्मेनियन लोकांना गावांतून हाकलून वाळवंटाच्या दिशेनं पायी चालवलं, वाटेत लाखो मारले गेले. हबाबच्या लोकांत हेरानुश नावाची एक लहान मुलगी होती. वाटेत एका जमादारानं तिला आईपासून ओढून नेलं. ती सेहेर या नावानं, मुसलमान मुलगी म्हणून वाढली, तिचं लग्न झालं, नातवंडं झाली. म्हातारपणी तिनं आपल्या नातीला खरं नाव सांगितलं, आईवडिलांची नावं सांगितली, गावाचं नाव सांगितलं. ही नात म्हणजे फेथिये चेतिन, तुर्कस्तानातली मानवी हक्कांसाठी लढणारी वकील. आजी 2000 साली गेली. तेव्हा फेथियेनं इस्तंबूलच्या अगोस या आर्मेनियन साप्ताहिकात निधनाची बातमी दिली, त्यात आजीचं मूळ नाव घातलं, आणि त्यातून अमेरिकेतल्या नातेवाइकांचा पत्ता लागला. 2004 मध्ये तिनं आजीची हकीकत पुस्तकरूपानं मांडली. तुर्कस्तानात कितीतरी घरांनी त्यानंतर आपल्या आज्यांची मूळ नावं शोधायला सुरुवात केली.

हबाबमध्ये दोन जुने दगडी पाणवठे होते. गाव बदललं, निगा करणारी माणसं गेली, आणि ते ढासळत गेले. फेथियेनं ते पुन्हा उभे करायचं मनावर घेतलं. ह्रान्त दिंक फाउंडेशन तिच्या पाठीशी होतं. अगोसचे संपादक ह्रान्त दिंक यांची 19 जानेवारी 2007 रोजी इस्तंबूलमध्ये कचेरीबाहेर हत्या झाली, त्यांच्या नावाची ही संस्था. फेथिये त्यांची वकील होती. 2011 मध्ये तुर्कस्तान, आर्मेनिया आणि इतर देशांतून आलेल्या तरुण स्वयंसेवकांनी हात लावला आणि पाणवठे दुरुस्त झाले. आज त्या गावात राहणाऱ्यांना पाणी मिळावं आणि ते कोणी बांधलं हे कळावं, अशा दोन्ही गोष्टी त्या कामात होत्या. एखादं बंद संग्रहालय करण्यापेक्षा हे मला कितीतरी योग्य वाटतं, कारण पाणवठा वापरात नसेल तर त्याचा अर्थच उरत नाही.

दिंक स्वतः एक हकीकत सांगत. फ्रान्समध्ये राहणारी एक म्हातारी आर्मेनियन बाई दरवर्षी सिवासकडच्या आपल्या मूळ गावी येई. एकदा ती तिथंच वारली. नातेवाईक तिला न्यायला आले तेव्हा गावचा एक म्हातारा तुर्क म्हणाला, राहू दे तिला इथंच, पाण्याला आपली भेग सापडली.

तुर्कस्तानात जुन्या आर्मेनियन वास्तूंना आजही सगळ्यात मोठा उपद्रव आहे तो गुप्तधन शोधणाऱ्यांचा. जाताना आर्मेनियन लोकांनी सोनं पुरून ठेवलं, आणि दगडावरची अक्षरं म्हणजे त्याच्या खुणा, अशी समजूत खोलवर रुजली आहे. त्यापायी चर्चच्या जमिनी खणल्या जातात, कबरी उकरल्या जातात, पाणवठ्यांचे दगड निखळवले जातात. लिपी वाचता येणारं कोणी गावात उरलेलं नसतं, त्यामुळे ही समजूत खोडून काढायलाही कोणी नसतं. ‘माझ्या आईवडिलांची आठवण काढा’ एवढंच लिहिलेल्या दगडावर पहार चालते.

म्हणून नकलून ठेवलेल्या लेखांना मोल आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी योसेफ ओर्बेली हा तरुण अभ्यासक पुरातत्त्व संशोधक निकोलाय मार यांच्या मोहिमेबरोबर आनी या उजाड मध्ययुगीन राजधानीत काम करत होता. त्यानं तिथले लेख एक-एक करून टिपून घेतले. त्या वाचनांचा खंड येरेवानमध्ये 1966 साली छापला गेला, आर्मेनियन शिलालेखांच्या संग्रहमालेतला तो पहिला. नंतर इतर प्रांतांचे खंड निघाले. आनी आज तुर्कस्तानच्या हद्दीत आहे, मधल्या काळात तिथल्या कित्येक भिंती पडल्या. त्या भिंतींवर कोणी, कोणत्या साली, कोणासाठी काय दिलं होतं, ते आता त्या खंडातच वाचायला मिळतं.